हेक्झेन संपृक्त आहे (कार्बनमध्ये फक्त एकेरी बंध), तरी ब्रोमीन जलाचा (असंपृक्तता ओळखायला वापरतात ते ब्रोमीनचं नारिंगी पाणी) रंग गेला. असं का?

रंग बहुधा गेलेला नाही, वर सरकला आहे. परीक्षानळी उजेडासमोर धरून दोन्ही थर नीट पाहा. हेक्झेन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं, आणि ब्रोमीन पाण्यापेक्षा त्यात जास्त विरघळतं. हलवल्यावर खालचं पाणी फिकं पडतं, वरचा थर नारिंगी होतो. नुसतं खाली पाहिलं तर निष्कर्ष हमखास चुकतो. हेक्झीनमध्ये (हे असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेलं) मात्र तो दुहेरी बंध उघडून ब्रोमीन दोन्ही कार्बनना जोडला जातो. हलवताच दोन्ही थर रंगहीन.

वरचा थरही हळूहळू फिका होत असेल तर नळी उन्हात होती का ते पाहा. प्रकाशात संपृक्त हायड्रोकार्बनमध्येही हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन बसतो. म्हणून सावलीत करा: २ मिली द्रव, ४-५ थेंब ब्रोमीन जल, बूच लावून अर्धा मिनिट हलवा. हातमोजे हवेतच, ब्रोमीन कातडी भाजतं.

तुपाला 'संपृक्त' म्हणतात, पण वितळवून घेतलं तर तेही रंग घालवतं, कारण त्यात ओलेइक आम्ल (दुहेरी बंध असलेलं असंपृक्त मेदाम्ल) बरंच असतं. बेंझीन मात्र असंपृक्त असूनही, उत्प्रेरकाशिवाय, ब्रोमीनला दाद देत नाही.