वाचक विचारतात : जपानची दारं खरंच बंद होती का?

प्रश्न : सर, मुलाच्या पुस्तकात लिहिलंय की जपानने दोनशे वर्षं जगाकडे पाठ फिरवली होती आणि 1853 मध्ये अमेरिकेच्या पेरी नावाच्या नौदल अधिकाऱ्याने दार उघडलं. एवढा देश इतकी वर्षं कोंडून राहील कसा? आणि त्यांचे सरदार आपल्या देसाई-इनामदारांसारखेच होते का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

1600 मध्ये सेकिगाहाराची लढाई मारून तोकुगावा इएयासू वरचढ ठरला आणि 1603 मध्ये शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणारा सेनापती झाला. सम्राट क्योतोत, नावापुरता. सगळा कारभार एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत. त्याच्या हाताखाली अडीचशेच्या वर सरदार, त्यांना दाइम्यो म्हणत. वर्षाला निदान 10,000 कोकू तांदूळ पिकेल एवढा मुलूख असेल तोच दाइम्यो. एक कोकू साधारण 180 लिटरचा. स्वतःची फौज, स्वतःचा न्याय, स्वतःचा सारा. या हिशेबात आपला देसाई फारच लहान. पण देसाई वतनाच्या गावात मुळं धरून बसलेला असायचा, तिथे दाइम्योला शोगुन एका प्रांतातून उचलून दुसऱ्या प्रांतात टाकू शकत असे. त्याच्या पदरचे सामुराईही बहुतेक गाव सोडून किल्ल्याभोवतीच्या पेठेत आलेले, तांदळाच्या तनख्यावर जगणारे.

कित्तूरचं प्रकरण तुम्हा-आम्हाला पाठ आहे. 1824 मध्ये तिथल्या देसाईंनी मरणाच्या दारात दत्तक घेतला, इंग्रज कंपनीच्या थॅकरे या अधिकाऱ्याने तो मानला नाही आणि राणी चन्नम्मा लढायला उभ्या राहिल्या. शोगुनांचाही सुरुवातीला हाच नियम होता : मरणशय्येवरचं दत्तक नामंजूर, मुलूख जप्त. त्यातून बिनधन्याचे सामुराई इतके वाढले की 1651 मध्ये एदोत बंडाचा कट शिजला. कट फुटला, आणि शोगुनाच्या दरबाराने त्याच वर्षी नियम सैल केला. कंपनी सरकारने मात्र कित्तूरनंतरही तोच हट्ट झाशीपर्यंत नेला.

1635 पासून दाइम्योंवर आणखी एक बंधन आलं. सर्वसाधारणपणे एक वर्ष आपल्या मुलखात, एक वर्ष एदोत. बायको आणि वारस मात्र कायम एदोतच. सरळ भाषेत, ओलीस. हाकोनेच्या नाक्यावर एदोतून बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घ्यायला खास बायका नेमल्या होत्या. त्या परवान्यातल्या वर्णनाशी चेहरा ताडून बघत, केस सोडून तपासत. एखाद्या दाइम्योची बायको वेश पालटून निसटली, तर बंड जवळ आलं असं समजायचं.

आता परदेशांचं बघा. शोगुनाला गोऱ्यांपेक्षा आपल्याच सरदारांची धास्ती जास्त होती, असं माझं मत आहे. पोर्तुगीज जहाजं क्युशू या दक्षिणेकडच्या बेटाच्या बंदरांत लागत. बंदुका आणि रेशमाचा नफा तिथल्या दाइम्योंच्या घरात जाई, आणि त्यातले काही जण ख्रिस्तीही झाले होते. हा धर्म तिकडे पोचला तोही आपल्या शेजारून. चोर्ला घाट उतरून ज्यांचं शव बघायला आपले लोक जुन्या गोव्याला जातात, ते फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानात उतरले. त्यांच्यासोबतच्या कागोशिमाच्या आंजिरोचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता.

1635 मध्ये जपान्यांना परदेशी जायला बंदी झाली. गेलेला परतला तर देहदंड. 1637 मध्ये क्युशूतल्याच शिमाबाराचे शेतकरी साऱ्याच्या जाचाने उठले, त्यांत ख्रिस्ती बरेच. 1639 मध्ये पोर्तुगीजांना कायमची बंदी झाली. पुढच्याच वर्षी चीनच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या मकाव ठाण्यातून शिष्टमंडळ रदबदलीला आलं, तर त्यातल्या 61 जणांची मुंडकी उडवली.

म्हणून सगळंच बंद झालं म्हणता? छे. नागासाकीत चिनी व्यापारी येत होते. त्सुशिमाच्या सरदाराकडे कोरियाचा व्यवहार होता, सात्सुमाकडे र्युक्यू बेटांचा, मात्सुमाएकडे उत्तरेच्या आयनू लोकांचा. आणि डच होतेच. वेंगुर्ल्यात ज्या डच कंपनीच्या वखारीचे पडके अवशेष आहेत, तीच कंपनी 1641 पासून नागासाकीजवळच्या देजिमावर बसली. साधारण 120 मीटर लांब आणि 75 मीटर रुंद असं बांधून काढलेलं बेट, किनाऱ्याला जोडणारा एकच पूल, पुलावर पहारा. जपानचं तांबं या कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येऊन विकलं जाई. डचांचा प्रमुख नेमाने नजराणा घेऊन एदोला जायचा. त्याच्यासोबत गेलेल्या केम्फर नावाच्या डॉक्टरला शोगुनापुढे नाचून-गाऊन दाखवावं लागलं. तेवढी मानहानी गिळूनही डच दोनशे वर्षं टिकून राहिले, यावरून नफ्याचा अंदाज करा.

जगातल्या घडामोडींचा लेखी अहवाल देणंही त्यांना बंधनकारक होतं. अमेरिकेची जहाजं येणार, ही खबर त्यांनी 1852 मध्येच एदोला दिली होती. दरबाराने ती मोजक्या सरदारांपलीकडे जाऊ दिली नाही. चिरंजीवांना परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिहू द्या, गुण त्याचेच मिळतील. 1852 चं वर्गात विचारायला मात्र हरकत नाही.