'आय हॅव सेंट' लिहायचं की 'आय सेंट', हे नेमकं कसं ठरवायचं?

तुमचं वाक्य होतं 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे', आणि तुमच्या साहेबांनी त्यातला 'हॅव' खोडला. बरोबरच केलं. पण 'नुकतंच घडलं असेल तर प्रेझेंट परफेक्ट (म्हणजे 'हॅव', 'हॅज'वाला काळ), जुनं असेल तर सिंपल पास्ट (म्हणजे 'हॅव' नसलेला साधा भूतकाळ)' हा जो नियम तुम्ही प्रश्नात दिलाय, तो आधी डोक्यातून काढून टाका. 'आय सॉ हिम टू मिनिट्स अगो' यात दोनच मिनिटं झालीत, तरी सिंपल पास्ट. माणूस चंद्रावर पहिल्यांदा उतरला 1969 साली, तरी 'ह्यूमन्स हॅव वॉक्ड ऑन द मून' हे वाक्य आजही बिनचूक आहे.

आधी बघायचं ते एवढंच, की संपलेली वेळ वाक्यात सांगितली आहे का? यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, अगो, यातलं काही आलं की 'हॅव' बाद. 'केव्हा' विचारतानाही तेच: 'व्हेन हॅव यू कम?' नाही, 'व्हेन डिड यू कम?'

आपली गाडी इथेच अडते, कारण मराठीत 'मी काल फाइल पाठवली आहे' यात काहीच खटकत नाही. त्या 'आहे'च्या जागी हात आपसूक 'हॅव' लिहून मोकळा होतो.

वेळ सांगितलेली नसेल तेव्हा खरी गंमत आहे. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही. 'आय लॉस्ट माय की' म्हटलं तर हरवली एवढंच कळतं. नंतर मिळाली का, ते वाक्य सांगत नाही. 'शी हॅज वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स' म्हणजे बाई अजून तिथेच नोकरीला आहेत, 'शी वर्क्ड देअर फॉर टेन इयर्स' म्हणजे नोकरी सुटली. बायोडेटात हे उलटसुलट झालं, तर सोडलेली नोकरी चालू आहे असा समज होतो.

संवादात दोन्ही काळ कसे पाठोपाठ येतात बघा. 'आय हॅव बॉट अ बाइक.' 'ओह! व्हेअर डिड यू बाय इट?' बातमी 'हॅव'ने दिली, पण चौकशी लगेच 'डिड'वर आली. खरेदीची वेळ कुणीच उच्चारली नाही, पण आता बोलणं त्या एका ठरावीक प्रसंगाबद्दल चाललंय. एकदा प्रसंग ठरला की पुढचे सगळे तपशील सिंपल पास्टमध्ये.

'धिस मॉर्निंग'चं मात्र घड्याळ बघून ठरवा. सकाळ चालू असेल तर 'हॅव' चालतो, दुपारी नाही.

तुम्ही विचारलंय, मग सिनेमात 'हॅव यू ईटन यट?'ऐवजी 'डिड यू ईट यट?' कसं ऐकू येतं? ती अमेरिकन बोली. जस्ट, ऑलरेडी, यट यांच्यासोबत अमेरिकन लोक सिंपल पास्ट सर्रास वापरतात. ब्रिटिश वळणाच्या परीक्षेत मात्र तिथे 'हॅव'च लिहा. आणि तुमचं ते 'हॅव सेंट यस्टरडे' अमेरिकेतही चालणार नाही.