टीमवर्कमुळे इंजिनिअरिंग कंपनीत खरंच काही नवीन घडतं, की ते नुसतं एचआरचं बोलणं असतं?

प्रश्न रास्त आहे. रिसॉर्टवर नेऊन दोरीखेच खेळवण्याला टीमवर्क म्हणत असाल, तर त्यातून काही निघत नाही. जेवण तेवढं बरं असतं. मी चाकणच्या पट्ट्यात डिझाइनला काम करतो. माझ्या मते एकमेकांशी न पटणारे विभाग ड्रॉइंग रिलीज होण्याआधी, म्हणजे ते पक्कं होऊन उत्पादनाकडे जाण्याआधी, एकत्र बसले, तरच काही नवीन सापडतं. रिलीजनंतर उरतं ते फक्त निस्तरणं.

टोयोटाची प्रियस गाडीच घ्या. 1993 मध्ये हा प्रकल्प सुरू झाला आणि ताकेशी उचियामादा त्याचे मुख्य इंजिनिअर झाले. याआधी त्यांनी हे पद सांभाळलेलंच नव्हतं. टोयोटात मुख्य इंजिनिअर सहसा एकेका विभागात जाऊन निर्णय पटवून घ्यायचा. उचियामादांनी सगळ्या विभागांच्या जाणकारांना एका मोठ्या खोलीत आणलं आणि वेळापत्रकं, अडचणी भिंतीवर लावल्या. आधीचं लक्ष्य होतं मायलेज दीडपट करायचं. वरून हुकूम आला, दुप्पट करा. नुसतं इंजिन सुधारून ते जमणारं नव्हतं, म्हणून हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर. पहिली चाचणी गाडी तर महिनाभराहून जास्त काळ जागची हललीच नाही! अशा वेळी इंजिनवाला बॅटरीवाल्याकडे बोट दाखवतो, बॅटरीवाला सॉफ्टवेअरवाल्याकडे. रोज एकाच भिंतीसमोर उभं राहायचं असेल, तर हे फार दिवस चालत नाही. डिसेंबर 1997 मध्ये गाडी जपानच्या बाजारात आली.

आता आमच्याकडचं एक छोटं उदाहरण. एका ब्रॅकेटचं मॉडेल स्क्रीनवर झकास दिसत होतं. रिलीजआधी आम्ही असेंब्लीच्या फिटरला बोलावलं. त्याने स्क्रीनवर दोन बोटं आडवी धरली आणि म्हणाला, "साहेब, सॉकेट पाना जाईल हो, पण हात कुठून घालू?" पर्चेसवाला शेजारीच बसला होता, त्याने लगेच विचारलं, वेल्ड नट (पार्टलाच वेल्ड केलेला नट) लावून बोल्ट खालून घेतला तर? तसं केल्यावर वरचा आधाराचा क्लॅम्प लागेनासाच झाला, म्हणजे एक पार्टच कमी. ना फिटर क्लॅम्प काढायला आला होता, ना पर्चेसवाला, ना मी.

अर्थात, मीटिंगा वाढवणं म्हणजे सहकार्य नव्हे. पंधरा जण कॉलवर आणि बोलणारे दोघंच, हे आपण सगळेच भोगतो. खरी गोम श्रेयाची आहे. फिटरने सुचवलेलं अप्रेझलमध्ये इंजिनिअरच्या नावावर चढलं, की पुढच्या वेळी तो स्क्रीनकडे बघून "ठीक आहे साहेब" एवढंच म्हणतो. आणि पाना फिरत नाही हे तुम्हाला लाइन सुरू झाल्यावर कळतं.