अ‍ॅपवर उत्तरं नेमकी कोण देतंय, ते आधी बघा

तुम्ही विचारलंय की वडिलांना पक्षाघात होऊन तीन महिने झाले, फिजिओने मोबाइलवर तब्येतीचे प्रश्न विचारणारं अ‍ॅप टाकून दिलंय, इंदिरानगरला आई दर रविवारी ते भरते आणि पुण्यात तुम्हाला आलेख दिसतो. त्यावर किती विसंबायचं?

आमच्याकडेही पंचवटीत आईच भरायची. 'लघवीचा त्रास?' नाही. सलग सात आठवडे नाही. दिवाळीला गेले तेव्हा दिसलं, पाच वाजले की बाबा तांब्या डाव्या हाताने लांब सारायचे. रात्री उठावं लागलं तर आईची झोपमोड, म्हणून पाणीच बंद! उत्तर खोटं नव्हतं, त्रास नव्हताच. पलंगाशी युरिन पॉट ठेवलं, दोन दिवसांत पाणी सुरू, बद्धकोष्ठही कमी.

मग फोन बाबांच्याच हातात दिला, तर पहिल्याच प्रश्नावर अडकले. वाटलं, समजत नसेल. त्यांचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूचा, म्हणजे उजवं अंग लुळं, बोलणं अडलेलं, आणि नजरेचा उजवा भागही गेलेला. 'पुढे'चं बटण उजव्या कोपऱ्यात! मान वळवून कडेपर्यंत बघायला शिकवल्यावर जमलं. शब्द सापडत नसतील तर हो-नाही किंवा चेहऱ्यांची चित्रं वापरा, आणि घाई करू नका.

अ‍ॅप काय विचारतं तेही तपासा. जागतिक स्ट्रोक संघटनेने उचलून धरलेली 11 प्रश्नांची यादी आहे: पुन्हा झटका येऊ नये म्हणूनचे उपचार, रोजची कामं, चालणं, स्नायूंचा ताठरपणा, दुखणं, लघवी-शौच, बोलणं, मन, स्मरण, आवडीच्या गोष्टी, घरातली नाती. त्रास असेल तर पुढे कोणाकडे जायचं तेही ती सांगते. नुसते गुण देणाऱ्या अ‍ॅपपेक्षा मला म्हणून ती बरी वाटते. बाबांचा बार्थेल स्कोअर, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचे गुण, 100 पैकी 85 झाला, फिजिओ खूश, आलेख चढलेला. पण रोज सकाळी गोदाघाटावर जाणारा माणूस चार महिने गेटबाहेर पडला नव्हता. बार्थेलमध्ये मनाचा प्रश्नच नसतो. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा कुठे नैराश्यावर उपचार सुरू झाले.

एक मात्र अ‍ॅपवर सोडू नका. तोंड अचानक वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं असं काही दिसलं की नोंद करत बसायचं नाही, थेट 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही जितकं लवकर तितकं चांगलं.

या रविवारी आईंना भाजी आणायला पाठवा आणि व्हिडिओ कॉलवर वडिलांना स्वतः विचारा. आईंची झोप किती होते, तेही एकदा त्यांना वेगळं विचारा. यादीतले शेवटचे चार प्रश्न तुमच्या अ‍ॅपमध्ये आहेत का ते कळवा. नसतील तर आमच्या वहीतल्या तक्त्याचा फोटो टाकते.