वाचकांचे प्रश्न : बाळाला जमिनीवर राहू द्या

प्रश्न : ताई, कापडी लंगोट आम्ही हौसेने सुरू केले. पहिले काही महिने छान गेले, पण हल्ली ते लगेच गळतात आणि धुऊनही वास राहतो. पुन्हा डायपरकडे वळावं का?
– चार महिन्यांच्या बाळाची आई

उत्तर : इतक्यात नको. आधी एक करून बघा. धुतलेल्या, वाळलेल्या लंगोटावर चमचाभर पाणी टाका. पाणी थेंब होऊन वरच बसलं तर धाग्यांवर साबणाचा किंवा कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा थर बसलाय. ते द्रावण आजपासून बंद. साबण कमी घ्या आणि एकदा सगळे लंगोट नुसत्या गरम पाण्यातून काढा, फेस यायचा थांबेपर्यंत. मग कडक उन्हात वाळवा. वास तर जाईलच, डागही फिके होतील. आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला काहीही न घालता मोकळं ठेवा. लाली जांघेच्या वळीत शिरली आणि कडेला बारीक लाल ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते. मग घरचं तेल लावत बसू नका, डॉक्टरांकडून मलम घ्या.

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची आहे. पोटावर सरकते, पण रांगत नाही. घरात सगळे म्हणतात, वॉकर आणा, पाय मजबूत होतील. सासूबाई तिला दोन्ही हातांना धरून उभी करतात, चालवतात. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. मग वाद नको म्हणून गप्प बसते.
– एक आई

उत्तर : गप्प बसू नका, तुमचं बरोबर आहे. वॉकरमध्ये मुलीचा भार मधल्या झोळीवर असतो. पाय नुसते बोटांच्या टोकांनी जमीन मागे ढकलतात. चालायला शिकताना तोल जातो तो सावरायचा असतो, एका पायावरचा भार दुसऱ्यावर न्यायचा असतो, पडताना हात टेकायचे असतात. यातलं एकही काम वॉकर करू देत नाही. वर चाकांमुळे मूल एका क्षणात जिन्यापाशी किंवा गरम भांड्यापाशी पोचतं, आपण उठेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती अशा अपघातांमुळेच.

हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचं काम मला फार जवळचं वाटतं. १९४६ साली त्यांनी बुडापेस्टमध्ये आईवडील नसलेल्या बाळांसाठी एक घर सुरू केलं. तिथला एक नियम असा होता, की बाळ ज्या स्थितीत स्वतःहून जाऊ शकत नाही त्या स्थितीत मोठ्यांनी त्याला ठेवायचं नाही. बसता येत नसेल तर उशा लावून बसवायचं नाही, उभं राहता येत नसेल तर उभं करायचं नाही. कपडे सैल, जमीन टणक, हाताशी दोनचार साध्या वस्तू. तिथली बाळं आपापल्या वेळी वळली, बसली, चालली.

माझा धाकटा पालथा पडायला शिकत होता तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून असायचे. आधी वरचा पाय पलीकडे जायचा, मग कंबर वळायची आणि खालचा हात अंगाखाली अडकायचा. तो कण्हायचा. माझा हात शिवशिवायचा, पण मी मांडीखाली दाबून ठेवायचे. तो डोकं खाली टेकवून जरा वेळ नुसता पडून राही, बाजूच्या लाकडी चमच्याकडे बघत. मग खांदा किंचित उचलायचा, हात निम्मा सुटायचा आणि पुन्हा तेच. एकदाचा हात सुटला तेव्हा तो हसलाबिसला नाही. चमचा उचलला आणि तोंडात घातला. ती हात सोडवायची खटपट हेच त्याचं खरं शिक्षण होतं. मी हात ओढून दिला असता तर त्याला फक्त चमचा मिळाला असता.

आता वयाचं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. आधाराशिवाय चालणं कुणाला सव्वाआठव्या महिन्यात जमलं, तर कुणाला साडेसतराव्या. हात-गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पा काही मुलांनी गाळलाच. तुमची लेक सरकतेय म्हणजे ती कामाला लागलेली आहे. मात्र नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नसेल, अंगाची एकच बाजू वापरत असेल, फार सैल किंवा ताठ वाटत असेल, येत असलेली गोष्ट येईनाशी झाली असेल किंवा दीड वर्षाची होऊनही चालत नसेल, तर थांबायचं नाही, दाखवायचं.

सासूबाईंना नुसतं ‘उभी करू नका’ म्हणालात तर नातीबरोबरचा त्यांचा आनंदच आपण काढून घेतो. त्याऐवजी दुसरं काम द्या. ‘आई, तुम्ही तिच्यासमोर खाली बसा, ती तुमच्याकडे कशी सरकत येते ते बघा.’ खाली बसणं जमत नसेल तर खुर्चीवर बसून समोर वाटी ठेवायची. नात स्वतःहून त्यांच्या पायापाशी पोचली, की वॉकरचा विषय बहुतेक मागे पडेल.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. पत्नीला स्क्रीन अजिबात नको आहे. मी संध्याकाळी दमून येतो, त्याला मांडीवर घेऊन अर्धा तास व्हिडिओ बघतो. यावरून रोज कटकट. माझं इतकं चुकतंय का?
– एक बाबा

उत्तर : नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, कमी तितकं बरं. तुम्ही त्याच्या आत आहात आणि त्याच्यासोबत बघताय. पण हे जेवणाआधी संपवा, झोपण्याआधीचा शेवटचा तास त्यात जाऊ नये. पत्नीलाही सांगते, मुलासमोर रोज भांडण होणं हे त्या अर्ध्या तासापेक्षा त्याला जास्त लागतं.

आठवड्यातले काही दिवस मात्र आणखी एक करा. दमला आहात ना, मग जमिनीवर सरळ आडवे व्हा, डोळे मिटा, त्याला अंगावर चढू द्या. तीन वर्षांच्या मुलाला बाबाचं पोट हा डोंगर पुरतो. तुमची पाठही मोकळी होईल. आणि सुट्टीच्या दिवशी दोघं उजेडात बाहेर पडा. रोज बराच वेळ घराबाहेर घालवणाऱ्या मुलांना लांबचं नीट न दिसल्यामुळे चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे आता चांगलं ठाऊक आहे.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाला सर्दी-खोकला आहे. औषधं नकोत म्हणून मध चाटवावा आणि छातीला कापूर-तेल चोळावं असं ठरवतोय. प्रमाण सांगाल का?
– आईबाबा

उत्तर : प्रमाण सांगणार नाही, कारण दोन्ही द्यायचं नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांच्या विषाने अंग लुळं पडतं, रडणं क्षीण होतं, चोखण्याची ताकद जाते. मध घरी गरम केल्याने ते मरत नाहीत. वर्ष पूर्ण झाल्यावर खोकल्याला अर्धा चमचा मध खुशाल द्या. कापूर पोटात किंवा कातडीतून अंगात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून तो दोन वर्षांच्या आत अंगालाही नको. वाफेचं भांडंही नको, भाजण्याची भीती असते.

नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला, दूध थोडं थोडं पण वरचेवर पाजा, कडेवर उभं धरा. साध्या सर्दीला या वयात खोकल्याचं औषध लागतही नाही. बाळ शांत असताना पोट उघडं करून श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. ५० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढेनासं झालं असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर रात्र असो की सुट्टी, लगेच डॉक्टरांकडे न्या.