रोजची मिस्सा की साक्रामेंताची आराधना? एकच जमत असेल तर काय निवडावं?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही कॅथलिक, नोकरी खराडीत, राहायला चंदननगर. आठवड्यातले चार दिवस जेमतेम पाऊण तास मोकळा मिळतो. तो रोजच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या सामुदायिक उपासनेला द्यावा, की साक्रामेंतापुढे, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तशरीर झालेल्या भाकरीपुढे, शांत बसून आराधनेला? मिस्सेत तेच ते शब्द यंत्रासारखे वाटतात आणि आराधनेत मन निवतं, असंही तुम्ही लिहिलंय. शेवटी दोन छोटे प्रश्न आहेत: मधल्या वारची मिस्सा चुकली तर पाप लागतं का, आणि एका दिवसात दोनदा कम्युनियन, म्हणजे ते ख्रिस्तशरीर, घेता येतं का.

मी धर्मगुरू नाही. वडगाव शेरीत राहणारा, मूळचा नगर जिल्ह्यातला साधा संसारी माणूस आहे. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर माझं उत्तर मिस्सा. आराधनेवर माझं प्रेम कमी आहे म्हणून नव्हे. तुम्ही दोन्ही गोष्टी ताजव्याच्या दोन पारड्यांत ठेवल्या आहेत, आणि चर्चने त्या तशा कधी ठेवलेल्याच नाहीत.

पापाचं आधी उरकून टाकू. बंधन रविवारच्या मिस्सेचं आणि ठरलेल्या मोठ्या सणांचं आहे. सोमवार ते शनिवार, असा सण नसेल तर, कोणतीही सक्ती नाही, त्यामुळे मंगळवारी झोप लागली म्हणून कन्फेशनला जायची गरज नाही. आराधनेचीही सक्ती नाही. दोन्ही आपखुशीने करायच्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच तुमच्यासारख्याला निवड करावी लागते.

आता मुख्य मुद्दा. आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती दर्शनाच्या मुलखात वाढलेलो आहोत. दगडूशेठसमोरून जाणारा स्कूटरवाला एका हाताने हँडल सांभाळतो आणि दुसरा हात छातीला लावून पुढे सरकतो. हे बघत बघत आपण मोठे होतो, त्यामुळे वेदीवर मॉन्स्ट्रन्स, म्हणजे साक्रामेंत सगळ्यांना दिसेल असं मांडायचं पात्र, ठेवला, उदबत्तीचा नाही तर धूपदाणीचा वास आला, समोर ती पांढरी गोल भाकर दिसली की आपल्याला काही शिकवावं लागत नाही. गुडघे आपोआप टेकतात. मला ते फार आवडतं. पण शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने भाकर हातात घेऊन शिष्यांना ‘पाहा’ म्हटलं नाही. घ्या, खा, असं म्हटलं.

पाहणं मोठं झालं आणि खाणं मागे पडलं, असा काळ चर्चच्या इतिहासात येऊन गेलेला आहे. मध्ययुगात युरोपातले लोक मिस्सेला येत, पण कम्युनियन इतकं क्वचित घेत की १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेला नियम करावा लागला: निदान वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास तरी, ख्रिस्तशरीर घ्या. हा नियम आजही कायद्यात आहे. साधारण त्याच काळात फादरांनी होस्तिया, म्हणजे मिस्सेतली ती पांढरी भाकर, डोक्यावर उंच धरायची पद्धत रूढ झाली. त्या क्षणाला हजर राहायचं, होस्तिया डोळे भरून पाहायची आणि निघायचं, असं करणारे पुष्कळ होते. त्याच शतकात, १२६४ साली, पोप अर्बन चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला. बेनेडिक्शनच्या, म्हणजे साक्रामेंताने द्यायच्या आशीर्वादाच्या, वेळी आपण जे ‘तांतुम एर्गो’ गातो ते त्या काळातल्या संत थॉमस अक्वायनस यांच्या गीतातलं असल्याचं मानलं जातं. म्हणजे आपल्या आराधनेची इतकी सुंदर परंपरा ज्या शतकात बहरली, त्याच शतकात साधा माणूस कम्युनियनपासून दूर राहत होता. हे दोन्ही एकदमच खरं आहे.

ते अंतर मिटायला शतकं लागली. १९०५ साली पोप पायस दहावे यांच्या काळात रोमहून हुकूम निघाला की गंभीर पाप नसेल आणि हेतू शुद्ध असेल तर साध्या माणसानेही वारंवार, अगदी रोज, कम्युनियन घ्यावं. १९१० मध्ये मुलांच्या पहिल्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं. आज तुम्ही बुधवारी सकाळी ऑफिसला जाता जाता चर्चमध्ये शिरून ख्रिस्तशरीर घेऊ शकता, ही सोय तुमच्या खापरपणजोबांच्या वेळी साध्या माणसाच्या वाट्याला क्वचितच यायची. आमच्या गावाकडे तर कालपरवापर्यंत फादरच दोन-चार आठवड्यांनी यायचे, रोजच्या मिस्सेचा विचार कोण करणार! बाकीच्या दिवशी माणसं घरात जपमाळ म्हणत. पुण्यात मिस्सेसाठी माणसं पेशवाईपासून धडपडत आली आहेत. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवरावांच्या काळात मिळाली, ती पेशव्यांच्या फौजेत असलेल्या गोव्याकडच्या कॅथलिक सैनिकांसाठी.

चर्चने हा क्रम उपासनेच्या नियमांतही बसवलेला आहे. चर्चच्या मुख्य सभागृहात मिस्सा चालू असताना त्याच जागी साक्रामेंत उघडा मांडून ठेवता येत नाही. नुसतं बेनेडिक्शन देण्यापुरता, मिस्सेनंतर पाच मिनिटं मॉन्स्ट्रन्स बाहेर काढणंही मना आहे. वाचन, गीत, शांत प्रार्थना यांना पुरेसा वेळ हवा. पवित्र गुरुवारची रात्र आठवा. आधी संध्याकाळची मिस्सा, मग त्याच मिस्सेतलं ख्रिस्तशरीर बाजूच्या वेदीकडे नेतात आणि मग आपण तिथे रात्री उशिरापर्यंत बसतो. जागरण मिस्सेच्या पोटातून निघतं, आणि जे जपून ठेवलेलं असतं ते दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, खाल्लं जातं. २००३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परिपत्रात मिस्सेबाहेरच्या आराधनेचं मोल करता येणार नाही असं म्हटलं, आणि तिथेच तिचं नातं मिस्सेशी बांधून ठेवलं.

ख्रिस्तयाग, म्हणजेच मिस्सा, हा ख्रिस्ती जीवनाचा झरा आणि शिखर आहे, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ज्या दस्तऐवजात म्हटलं त्याच्यावर २१ नोव्हेंबर १९६४ ला शिक्कामोर्तब झालं. अकरा दिवसांनी पोप पॉल सहावे मुंबईत उतरले, कशासाठी, तर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे ख्रिस्तयागाच्या भक्तीसाठी भरणाऱ्या मेळाव्यासाठी. भारतात आलेले ते पहिले पोप. आमच्याकडची मोठी माणसं त्या गर्दीच्या गोष्टी अजून सांगतात, झरा आणि शिखर मात्र कुणी सांगत नाही. गर्दी जास्त लक्षात राहते हे खरंच.

आता तुमच्या ‘यंत्रासारखं वाटतं’ या वाक्याकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

मधल्या वारची मिस्सा साधारण अर्ध्या तासात आटोपते. ग्लोरिया हे स्तुतिगीत आणि श्रद्धाप्रकटन बहुतेक दिवशी नसतं, गाणी कमी, प्रवचन झालंच तर दोन-चार मिनिटांचं. शब्द तेच असतात हे मान्य, पण वाचनं रोज बदलतात. मधल्या वारांच्या पहिल्या वाचनाचं चक्र दोन वर्षांचं आहे, विषम साल एक आणि सम साल दुसरं. सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या दिवसांत, शुभवर्तमान सलग चालतं: सुरुवातीचे नऊ आठवडे मार्क, मग एकविसाव्या आठवड्यापर्यंत मत्तय आणि शेवटपर्यंत लूक. रविवारी रविवारी जाणाऱ्याला तुकडे ऐकू येतात, रोज जाणाऱ्याला गोष्ट ऐकू येते. काल येशू कुठल्या गावातून निघाला आणि आज कुठे पोचला, हे लागोपाठ कळायला लागलं की कंटाळा बराच कमी होतो. आदल्या रात्री मोबाईलवर दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान मराठीत वाचून जा. मिस्सा इंग्रजीत असेल तर याचा फारच उपयोग होतो. पुण्यात मधल्या वारी ती बऱ्याचदा इंग्रजीतच असते, आणि सकाळी सकाळी इंग्रजी कानावर पडतं, आत जात नाही.

दुसरी गोष्ट थोडी टोचेल. आराधनेत आपल्याला शांत वाटतं याची काही कारणं पवित्र आहेत, पण एक कारण साधं आहे: तिथे कुणी मध्ये येत नाही. हेडफोन घालून काम करणाऱ्या आपल्या पिढीला ते बरोबर मानवतं. मिस्सेत मागच्या बाकावरचे आजोबा खोकतात, कुणी काकू सुरापेक्षा अर्धा ठेका पुढे गातात, आणि शांती द्या म्हटल्यावर ज्याचं तोंड बघायचं नाही त्यालाच हात जोडावे लागतात. मधल्या वारच्या मिस्सेला येणारी ही पंधरा-वीस माणसं ठरलेली असतात, जागाही ठरलेल्या. बायको गेलेले एक गृहस्थ, रात्रपाळी संपवून थेट आलेली नर्स, परीक्षेच्या काळात अचानक उगवणारी कॉलेजची मुलं. सुरुवातीला फादर ज्याच्यासाठी मिस्सा आहे त्याचं नाव वाचतात: अमुक यांच्या आत्म्यासाठी, महिन्याची मिस्सा. तुम्ही त्या माणसाला कधी पाहिलेलंही नसतं आणि अर्धा तास तुम्ही त्याच्यासाठी उभे असता. स्वतःच्या मनाला काय वाटतं हे मोजायला तिथे सवडच मिळत नाही. मला मिस्सेची ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते, आणि म्हणून तुमच्यासारख्या दिवसभर स्क्रीनसमोर एकट्याने बसणाऱ्या माणसाला मी मिस्साच सुचवीन.

काही लोकांना मात्र मी उलटं सांगेन. ज्यांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही किंवा दुसऱ्या काही कारणाने जे सध्या कम्युनियन घेऊ शकत नाहीत, त्यांनी मिस्सेला यायला काहीच हरकत नाही, यावंच. पण रोज सगळे रांगेत पुढे जाताना आपण बाकावर बसून राहायचं, हे सोसणं सगळ्यांना जमत नाही. रविवार सांभाळून मधल्या वारी अशा माणसाने आराधनेला बसावं, तिथे सगळे एकाच रांगेत असतात. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचंही तसंच. एखादा मोठा निर्णय समोर असेल, लग्न, नोकरी, संन्यस्त जीवन, तर त्या दिवसांत लांब, निवांत आराधना लागतेच. अर्ध्या तासाच्या मिस्सेत असा प्रश्न उलगडायला वेळ नसतो. फक्त कन्फेशन टाळायची पळवाट म्हणून आराधना धरू नका. तसं करणारे असतात.

तुमच्या चार दिवसांचं मी असं करीन: तीन दिवस मिस्सा, आणि मिस्सा संपल्यावर लगेच बाईकची किल्ली न शोधता दहा मिनिटं जागेवरच बसायचं. ख्रिस्तशरीर नुकतंच घेतलेलं असतं, याहून जवळची आराधना कुठली? चौथा दिवस पूर्ण आराधनेला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बऱ्याच चर्चमध्ये साक्रामेंत मांडतात, तो दिवस धरा. इतर वेळी मॉन्स्ट्रन्स नसला तरी अडत नाही. चर्च उघडं असेल आणि टॅबर्नॅकलजवळचा, म्हणजे साक्रामेंत जपून ठेवायच्या पेटीजवळचा, दिवा तेवत असेल तर तोच प्रभू आत आहे. अर्धा तास आराधना केली तर, कन्फेशन, कम्युनियन, पोपसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ नसणं या नेहमीच्या अटींवर, पूर्ण दंडमाफीही, म्हणजे माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटकाही, मिळते. धर्मग्रामात आराधनेचं वेळापत्रक असेल तर नाव देऊन टाका. मांडलेला साक्रामेंत एकटा सोडता येत नाही, त्यामुळे तुमच्या तासाला तुम्हाला जावंच लागतं, आणि आळशी माणसाला एवढा धाक पुरतो. चर्च निवडताना मात्र गायनवृंद कुठला चांगला हे बघू नका. ऑफिसच्या वाटेवर, शक्यतो डाव्या हाताला पडणारं चर्च निवडा. नगर रोडवर सकाळी यू-टर्न घ्यायची वेळ आली की आठवड्याभरात भक्ती ओसरते.

कार्लो अक्युतिस तुम्हाला माहीत असेल. संगणकात रमणारा हा इटालियन मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संत जाहीर झाला. तो रोज मिस्सेला जायचा आणि तिच्या आधी किंवा नंतर टॅबर्नॅकलपुढे थोडा वेळ थांबायचा. मदर तेरेसांच्या सिस्टर्सनी १९७३ पासून रोजचा आराधनेचा तास सुरू केला, तोही रोजची मिस्सा ठेवूनच.

राहिला दोनदा कम्युनियनचा प्रश्न. सकाळी मिस्सेत घेतलं आणि संध्याकाळी कुणाच्या दफनविधीची मिस्सा आली, तर दुसऱ्यांदा घेता येतं, पण त्या मिस्सेत तुम्ही भाग घेत असाल तरच. नुसतं कम्युनियनपुरतं येऊन नाही. तिसऱ्यांदा नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला हा नियम लागू नाही. दोन्ही वेळा कम्युनियनच्या आधीचा एक तास उपास पाळायचा, आणि तो तास मिस्सेच्या सुरुवातीपासून नव्हे, कम्युनियनच्या वेळेपासून मागे मोजायचा. पाणी आणि औषध चालतं, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना सूट आहे. चहा चालत नाही, त्यामुळे साडेसहाच्या मिस्सेला निघताना सहाचा कप राहू द्या, मिस्सा झाल्यावर घ्या.