गीझरची टाकी गळाली, वॉरंटी नाकारली : जुना गीझर देऊ नका

प्रश्न : आम्ही लातूरला फ्लॅटमध्ये राहतो. इमारतीला बोअरचं पाणी आहे. साडेतीन वर्षांपूर्वी 25 लिटरचा गीझर दुकानातून 11,400 रुपयांना घेतला. टाकीला पाच वर्षांची वॉरंटी होती. गेल्या महिन्यात आम्ही गावी असताना टाकी गळाली. बेडरूममधलं कपाट फुगलं, खालच्या घराच्या छतालाही ओल आली. कंपनीच्या माणसाने जॉब शीटवर ‘हार्ड वॉटर, वॉरंटी लागू नाही’ असं लिहून दिलं. मध्यंतरी टाइल्सच्या कामात आमच्या प्लंबरने गीझर काढून परत बसवला होता, तेही कारण पुढे करतात. दुकानदार म्हणतो, जुना द्या, नव्यावर दीड हजार कमी करतो. शेजारी भरपाई मागत आहेत. काय करावं? — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दुकानदाराला जुना गीझर देऊ नका. कंपनीने ‘तपासायला नेतो’ म्हटलं तरी नाही. तुमचं सगळं प्रकरण टाकी का गळाली या एका प्रश्नावर ठरणार आहे, आणि त्याचं उत्तर त्या टाकीतच आहे. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये एसजीएस इंडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. गीझर भंगारात गेला की तुमच्या हाती उरेल फक्त कंपनीने लिहिलेला कागद. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 नुसार ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवाल साधारण 45 दिवसांत यायचा असतो, आणि तपासणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगितली जाऊ शकते. तोवर गीझर न उघडता ठेवा. सीरियल नंबर, आयएसआय खूण आणि बाहेरून दिसत असेल तर गळतीची नेमकी जागा यांचे फोटो काढा. गळती वेल्डच्या सांध्यावर असेल तर उत्पादनातल्या दोषाची शक्यता मोठी.

आता ‘हार्ड वॉटर’, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी. वॉरंटीतल्या अपवादाचा आधार कंपनी घेते आहे, तेव्हा तो लागू होतो हे तिनेच दाखवायला हवं. त्या माणसाने पाणी मोजलं का? जॉब शीटवर टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा आहे का? नसेल तर तो नुसता शेरा आहे. वॉरंटी कार्डात पाण्याची मर्यादा दिली आहे का, ते बघा. मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत बोअरच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या. आकडा मर्यादेच्या आत आला तर कंपनीचं कारण तिथेच संपतं. जास्त आला तरी प्रकरण बुडत नाही. लातुरात किती इमारती बोअरवर चालतात हे इथे गीझर विकणाऱ्यांना माहीत नाही, असं कोण मानेल? ही अट विक्रीच्या वेळी सांगितली की खोक्यातल्या कार्डावर बारीक अक्षरात राहिली, हा मुद्दा जोर लावून मांडा. निर्मात्याच्या सूचना आणि इशारे ग्राहकापर्यंत न पोहोचवणारा विक्रेताही कलम 86 खाली जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणून दुकानदारालाही पक्षकार करा.

तुमच्या दोन कच्च्या बाजूही सांगते. टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो ठरावीक काळाने बदलण्याची अट कार्डावर असेल आणि तुम्ही एकदाही सर्व्हिसिंग केलं नसेल, तर कंपनी तेच धरून बसेल. केलं असेल तर पावत्या, मेसेज शोधा. दुसरी बाजू प्लंबरची. गीझर उतरवून तसाच परत टांगला, एवढ्याने टाकीत दोष येत नाही. पण प्रेशर व्हॉल्व्ह टिपकतो म्हणून त्याला बूच मारलं असेल, तर कलम 87 मधला ‘वस्तूत बदल केला’ हा बचाव विक्रेत्याला मिळतो, आणि कंपनीही तोच पुढे करेल. प्लंबरला खरं काय ते विचारा आणि तक्रारीत काहीही दडवू नका. नव्या गीझरला तर असं कुणाला करूच देऊ नका. दाबाला वाट मिळाली नाही तर टाकी फुटून जिवावर बेतू शकतं.

मागणी लिहिताना एक फरक लक्षात ठेवा. गीझरची किंमत किंवा बदली ही सदोष वस्तूची मागणी. कपाटाचं नुकसान हे त्या वस्तूमुळे इतर मालमत्तेला झालेलं नुकसान. ते कलम 84 च्या उत्पादन-दायित्वाखाली, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीची निर्मात्याची जबाबदारी म्हणून, वेगळं मागा. शेजाऱ्यांना कंपनीच्या उत्तराची वाट बघायला लावू नका. दुरुस्तीचा रास्त खर्च द्या, रंगाऱ्याचं बिल आणि शेजाऱ्यांची पावती घ्या, आणि ती रक्कम तुमच्या मागणीत धरा.

कंपनी आणि दुकानदार दोघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. काही कंपन्या तिथेच नमतात. नाहीच जमलं तर तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या, म्हणजे लातूरच्या ग्राहक आयोगात जा. कंपनीचं कार्यालय कुठेही असो. खरेदीची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची; जॉब शीटवरच्या नकाराच्या तारखेपासून मोजा. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही.

नवा गीझर मात्र आजच घ्यायला हरकत नाही. त्याच्या बिलावर ‘बोअरच्या पाण्यासाठी’ असं दुकानदाराकडून लिहून घ्या.